कोयनेनंतरचा नकाशा

भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात, तानसा नदीच्या काठाने, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे हे पाणी तापले, अशी जुनी श्रद्धा आहे. भूशास्त्राच्या मते पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खोलवर उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. अशा झऱ्यांची रांग पालघरमधल्या सातिवलीपासून खाली उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत कोकणभर गेलेली आहे. जिथे पाणी एवढे खोल जाऊन परत येते तिथला खडक अखंड असू शकत नाही, हे या कुंडांकडे पाहून शतकानुशतके कळण्यासारखे होते. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात शिकलेले आणि न शिकलेले एका गोष्टीवर सारखेच ठाम होते: हिमालय हलतो, आसाम हलतो, पण दख्खनचा पाषाण हलत नाही. ही समजूत काळ्या दगडावरची रेघ ठरली होती. पुढे तो दगडच हलला. त्यानंतर आपण आपली समजूत किती बदलली, कुठे बदलली आणि कुठे जशीच्या तशी ठेवून दिली, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे, आणि त्याची ओळख करून देताना मला एकच मुद्दा मांडायचा आहे. पुरावा मान्य करण्याच्या दोन रीती असतात. एकीत आपण त्याला अपवाद म्हणून नोंदवतो आणि मूळ नियम तसाच ठेवतो. दुसरीत नियमच पुन्हा तपासतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर बहुतांशी पहिली रीत वापरली गेली आणि तिची किंमत सव्वीस वर्षांनी किल्लारीने भूकंपात मोजली.

ती समजूत अडाणीपणाची नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. नाहीतर पुढची चर्चा सोपी होईल आणि खोटीही. तिच्यामागे निरीक्षण होते आणि त्या निरीक्षणावर उभा केलेला सिद्धान्त होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार बनले. त्याच्या खालचा ग्रॅनाइटी खडक त्याहून कितीतरी जुना. एवढ्या प्रदीर्घ काळात हा सारा प्रदेश थंड होऊन स्थिरावला आहे, असे पाठ्यपुस्तके सांगत, आणि भूकंपांची यादी त्यांना दुजोरा देई. १८९७ चा आसामचा भूकंप, १९०५ चा कांगड्याचा, १९३४ चा बिहार-नेपाळचा आणि १९५० चा पुन्हा आसामचा, असे सगळे मोठे धक्के हिमालयाच्या पायथ्याला किंवा ईशान्येला झाले होते. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक बांधकामाची पहिली संहिता काढली. तिच्या नकाशात शून्य ते सहा असे सात विभाग होते आणि द्वीपकल्पाचा मोठा भाग शून्यात होता. शून्य म्हणजे धोका नाहीच. या नकाशाशी न जुळणाऱ्या नोंदी उपलब्ध होत्या. फेब्रुवारी १९०० मध्ये कोइमतूरला आणि मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात सहा रिश्टरच्या आसपासचे भूकंप झाले होते. पण त्या दोन्ही नोंदी एकेकट्या मानल्या गेल्या. त्यांच्यामागे काही सूत्र असेल का, असा प्रश्न विचारण्याइतक्या त्या कुणाला महत्त्वाच्या वाटल्या नाहीत.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६२ पासून शिवसागर जलाशय भरू लागला. त्यानंतर लवकरच परिसरात बारीक धक्के आणि जमिनीखालून गडगडाट जाणवू लागला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने तिथे भूकंपमापक बसवले. एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी जपल्या म्हणून पुढचा सगळा वाद पुराव्याच्या आधारे चालवता आला. त्यांचे हे ऋण फारसे कुणी सांगत नाही. १३ सप्टेंबर १९६७ ला पाच रिश्टरच्या वरचा एक धक्का बसला. मग ११ डिसेंबरच्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली, सुमारे दोनशे माणसे मेली, हजारो जखमी झाली. मुंबईपर्यंत घरे हादरली. कोयनेची वीज बंद पडल्याने कारखाने थांबले. धरण टिकले, पण त्याच्या वरच्या भागात, जिथे उताराचा कोन बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वत्वरणाच्या ०.०५ पट धरला होता. धरणातल्या उपकरणाने प्रत्यक्षात नोंदवलेला सर्वोच्च आकडा ०.६ च्या वर होता. हिशेबात धरलेल्यापेक्षा दसपटीहून जास्त. स्थिर पठाराच्या सिद्धान्ताला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

आता प्रश्न होता या उत्तराचा अर्थ काय लावायचा. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाला, असे लोक पहिल्या दिवसापासून म्हणत होते. अनेक अभियंत्यांना आणि भूशास्त्रज्ञांना हे पटत नव्हते, आणि त्यांच्या नकाराला आधार होता. अनेक किलोमीटर जाडीच्या खडकावर आधीच जो भार असतो त्यापुढे शंभर मीटर पाण्याचे वजन किरकोळ आहे. एवढ्याशा ओझ्याने जमीन फुटत असेल तर ती आधीच फुटायला हवी होती. हा आक्षेप भावनेने खोडता आला नसता, आणि तो खोडलाही गेला नाही. बदलला तो प्रश्न. पाण्याच्या वजनाऐवजी पाण्याच्या दाबाकडे लक्ष गेले. जलाशयातले पाणी भेगांतून खाली झिरपते, तिथल्या छिद्रांतला दाब वाढतो, आणि एकमेकींवर घट्ट दाबून धरलेल्या दोन खडकबाजूंमधली पकड ढिली होते. भारताचे भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आशियावर रेटते आहे, त्यामुळे खडकात ताण आधीच साठलेला असतो. पाणी तो ताण निर्माण करत नाही. तुटायच्या बेतात आलेली जागा ते थोडी आधी तुटू देते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराने १९६२ पासून खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरले तेव्हा तिथे धक्के सुरू झाले होते. जलाशयांपुरते बोलायचे तर हूवर धरणाच्या मीड सरोवराभोवतीचे धक्के १९४५ पर्यंत अभ्यासले गेले होते. चीनमध्ये शिनफेंगजियांगला १९६२ मध्ये, आफ्रिकेत कारिबाला १९६३ मध्ये आणि ग्रीसमध्ये क्रेमास्टाला १९६६ मध्ये सहा रिश्टरच्या वरचे भूकंप झाले होते. कोयनेचा त्या सर्वांत मोठा. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी या भूकंपशास्त्रज्ञांनी ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, आणि १९७६ मधले त्यांचे धरणे व भूकंप यांवरचे पुस्तक जगभर या विषयाचा आधार ठरले.

पुरावा बघून सिद्धान्त घडत जातो म्हणजे नेमके काय होते, हे कोयनेच्या नंतरच्या पन्नास वर्षांत जितके लख्ख दिसते तितके आपल्याकडे क्वचितच दुसरीकडे दिसेल, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. पहिले निरीक्षण असे होते की धक्के पावसाळ्यानंतर, जलाशय भरल्यावर वाढतात. त्यातून एक नियम सुचला: पाण्याची पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा जलद चढली तर पाच रिश्टरचा धक्का बसण्याचा संभव वाढतो. हा नियम धाडसी होता, कारण तो कुणालाही तपासता येत होता. तपासल्यावर दिसले की काही वर्षी पाणी वेगाने चढूनही मोठा धक्का आला नाही. तेव्हा दुसरी अट जोडली गेली, की पाण्याने आपली आधीची सर्वोच्च पातळी ओलांडली आहे का, हेही पाहावे लागते. १९८५ पासून दक्षिणेला वारणा धरणात पाणी साठू लागले, आणि १९९३ च्या डिसेंबरात व १९९४ च्या फेब्रुवारीत पाच रिश्टरच्या वरचे धक्के त्या बाजूला बसले. पाण्याचा संबंध खरा असेल तर असेच व्हायला हवे होते. कल्पनेला मिळालेला हा मोठा आधार होता. मग १२ मार्च २००० आणि १४ मार्च २००५ या दिवशी पाच रिश्टरच्या आसपासचे धक्के आले. मार्चमध्ये जलाशय भरत नसतो, उतरत असतो. भरण्याच्या वेगाचा नियम इथे लंगडा पडला. दाब खोलवर पोचायला महिने लागतात, म्हणून काही धक्के उशिरा येतात, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि वर्षभरात धक्क्यांचे दोन चढ का दिसतात त्याची संगती लागली. शेवटी अंदाज पुरेत, आत जाऊन बघू, या निश्चयाने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. बेसाल्टचा थर तिथे १२४७ मीटर जाडीचा निघाला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मधे जुना गाळाचा खडक असेल ही शक्यता त्या विवराने निकालात काढली. या विवरांच्या अभ्यासासाठी कऱ्हाडला उभारलेली प्रयोगशाळा आजही याच कामात आहे.

हे सगळे पाण्याविषयीच्या सिद्धान्ताबद्दल झाले. पण कोयनेने आणखी एक, त्याहून व्यापक गोष्ट सिद्ध केली होती. पाणी केवळ निमित्त असेल, तर ताण आधीपासून तिथे होता. स्थिर, थंड, मेलेला मानलेला खडक सहा रिश्टरचा भूकंप घडवण्याइतका ताणलेला होता. आणि तो कोयनेत तसा असेल तर इतरत्रही असू शकतो, धरण असो वा नसो. हा निष्कर्ष त्याच पुराव्यातून, त्याच तर्काने निघत होता. तो काढला गेला का? १९७० च्या संहितेतून शून्य विभाग वगळला गेला, कारण कुठेही भूकंप होणारच नाही असे म्हणणे शास्त्राला धरून नव्हते. एवढे श्रेय दिलेच पाहिजे. कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. १९६९ मध्ये भद्राचलमला आणि १९७० मध्ये भरूचला भूकंप झाले, तेव्हा त्या पट्ट्यांकडेही लक्ष गेले. म्हणजे जिथे जमीन हलली तिथे नकाशाला ठिगळ लागले. बाकीचे पठार पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या विभागात राहिले. नाव शून्यावरून एक झाले, पण ते वाचणाऱ्याच्या मनात अर्थ तोच राहिला. आणि सामान्य बोलण्यात तर कोयना हा धरणाचा प्रताप ठरला. धरण नाही तिथे काळजी नाही, असा उलटा दिलासा त्यातून निघाला. ज्या घटनेने जुनी समजूत मोडायला हवी होती, तीच तिला वाचवायला वापरली गेली.

लातूर जिल्ह्यातले किल्लारी पहिल्या विभागात होते. १९९२ च्या ऑगस्टपासून तिथे आणि आसपासच्या गावांत धक्के जाणवू लागले. ऑक्टोबरात एक धक्का चार रिश्टरच्या जवळ गेला. लोकांनी तक्रारी केल्या, रात्री घराबाहेर काढल्या. परिसरात कायमचे भूकंपमापन केंद्र नव्हते, कारण नकाशानुसार तिथे मोजण्यासारखे काही नव्हते. नकाशाने निरीक्षण थांबवले आणि निरीक्षण नाही म्हणून नकाशा खरा ठरत राहिला. समजूत स्वतःला टिकवते ती अशी, आणि यात कुणा एकाचा दुष्टपणा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. तो अगदी उथळ होता आणि जमिनीवर सुमारे एक किलोमीटर लांबीची फाट दिसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मृतांचे आकडे सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांच्या जवळपर्यंत दिले जातात. ती मेली ती बहुतेक घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे मराठवाड्यातले भक्कम घर. ऊन, चोर, दरोडेखोर या सगळ्यांपासून ते राखत होते. पण त्या भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन थर एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते फुटून वेगळे झाले. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत घर, ही दुसरी समजूत त्याच पहाटे मोडली. नकाशात किल्लारीचा भाग वरच्या, तिसऱ्या विभागात जायला मात्र २००२ साल उजाडले. पहिला विभागही तेव्हाच दुसऱ्यात मिळवून रद्द झाला.

पुरावा मान्य करण्याच्या या दोन रीतींचे एक जुने उदाहरण कोकणातच आहे, आणि ते मराठी वाचकाला जवळचे वाटेल. मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रहांचे वेध घेत होते. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांचे, म्हणजे ज्योतिषगणिताच्या परंपरांचे, गणित त्यांनी आकाशाशी ताडून पाहिले आणि एकही पक्ष सर्व ग्रहांना लागू पडत नाही असे स्वच्छ नोंदवले. पुढेही फरक पडत जाईल आणि पुढच्या गणकांनी वेध घेऊन दुरुस्ती करावी, असे सांगायला ते कचरले नाहीत. त्यांचा मुलगा गणेश याने १५२० मध्ये ग्रहलाघव रचले. सूर्य सौर पक्षाचा घ्यावा, चंद्रही त्याच पक्षाचा पण नऊ कलांनी कमी करून; गुरू, मंगळ आणि राहू आर्य पक्षाचे; शनी आर्य पक्षाचा पण त्यात पाच अंश मिळवून; शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांचा मध्य काढावा. असे केले म्हणजे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळते, असे त्याने म्हटले. धर्मग्रंथांचा मान असलेल्या सिद्धान्तांत एका तरुण गणकाने पाच अंशांची भर घालावी, यातला निर्भयपणा मला थोर वाटतो. पण ही दुरुस्तीही ठिगळाचीच होती. शनी पाच अंश मागे का पडतो, हा प्रश्न तिने सोडवला नाही, म्हणून चार शतकांत ग्रहलाघवही आकाशापासून सरकले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिःशास्त्राचा सारा इतिहास पुराव्यासह मांडला, व्यंकटेश बापूजी केतकर आणि टिळक या वादात उतरले, आणि गणिताचा पायाच बदलावा लागला. वडिलांनी सांगितलेले तत्त्व मुलाने दिलेल्या आकड्यांपेक्षा टिकाऊ होते, पण पंचांगकर्त्यांनी आकडे पाठ केले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. १९६२ च्या नकाशाबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर तो नकाशा रास्त होता. कोइमतूर आणि सातपुडा यांना थोडे अधिक वजन द्यायला हवे होते, एवढेच म्हणता येईल. माझा प्रश्न १९६७ नंतरचा आहे. कोयनेच्या अभ्यासातून पाण्याचा दाब हे निमित्त ठरत असताना, मूळ ताण सगळ्या पठाराखाली असण्याची शक्यता मान्य करायला कोणतेही नवे उपकरण लागत नव्हते. आधीच कबूल केलेल्या विधानाचा दुसरा अर्धा भाग उच्चारायचा होता. तो न उच्चारण्याला मागाहूनच्या शहाणपणाची सबब लागू होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सिद्धान्त प्रत्येक नव्या घटनेनुसार वाकवायचा असेल तर तो सिद्धान्तच राहत नाही; कशालाही लागू पडणारे बोलणे कशालाच उपयोगी नसते. मला हा धोका खरा वाटतो, आणि किल्लारीनंतर तो समोर उभाही राहिला. तेरणेवरचा माकणीचा जलाशय किल्लारीपासून फार दूर नाही, तेव्हा हाही भूकंप धरणामुळेच, असे म्हटले गेले. कोयनेचे उत्तर तयार होते आणि ते लावण्याचा मोह स्वाभाविक होता. पण कोयनेच्या अभ्यासकांनी काही खुणा ठरवल्या होत्या: धक्क्यांचा पाण्याच्या चढउताराशी संबंध दिसतो का, लहान-मोठ्या धक्क्यांचे प्रमाण कसे आहे, मुख्य धक्क्यानंतरचे कंप कोणत्या गतीने ओसरतात. या कसोट्यांवर बहुतेक अभ्यासकांना माकणीचा दावा पटला नाही. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांभोवती जमीन शांत आहे. न घडलेल्या भूकंपांचा हा पुरावाही सिद्धान्ताला सांभाळावा लागतो. सिद्धान्त पुराव्यानुसार बदलावा याचा अर्थ तो सैल व्हावा असा होत नाही. कोयनेत झालेला प्रत्येक बदल आधीच्यापेक्षा नेमका होता, आणि प्रत्येक बदलानंतर कोणती घटना घडली तर आपण चुकलो हे अधिक स्पष्टपणे सांगता येत होते. मार्चमधल्या धक्क्यांनी जुना नियम अडचणीत आणला तो त्यामुळेच. जो नियम काहीच नाकारत नाही त्याला कोणताच महिना अडचणीत आणू शकत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. हजारो वर्षांत एकदा येणाऱ्या धक्क्यासाठी सगळ्या पठारावर महागडी घरे बांधायची का? असे कुणी मागत नाही. दुर्मीळ धोका मोठ्या धोक्यासारखा वागवणे हाही पुराव्याचा अपमानच आहे, आणि म्हणून विभागांची चढती श्रेणी असते. पण मराठवाड्यातल्या घरांना जे हवे होते ते फारसे महाग नव्हते: भिंतीच्या दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड, दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची माती दरवर्षी वाढवत न नेणे. भूकंपानंतर पुनर्वसनात आणि घरांच्या मजबुतीकरणात हेच उपाय शिकवले गेले. ते आधी शिकवण्यासाठी निधीपेक्षा एका वाक्याची उणीव होती, ‘इथेही होऊ शकतो’ या वाक्याची.

उत्तर कोकणात हे वाक्य आज कितपत उच्चारले जाते? शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाभोवती, खर्डीच्या परिसरात, १९८३ मध्ये धक्क्यांचे सत्र सुरू झाले आणि सप्टेंबरात पाचच्या जवळ जाणारा धक्का बसला. त्याच भातसेचे पाणी भिवंडी तालुक्यातल्या पिसे-पांजरापूरवरून मुंबईला जाते. कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे थर, जे सह्याद्रीवर आडवे पसरलेले दिसतात, समुद्राकडे कललेले आहेत. कधीकाळी इथली जमीन मोठ्या प्रमाणावर वाकली आणि मोडली याची ती खूण. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, हजारो लहान धक्के नोंदले गेले. त्यांतले मोठे चार रिश्टरच्या आसपासचे होते. तिथे कोयनेसारखा विशाल जलाशय नाही. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. या वेळी मात्र उपकरणे लवकर बसली, आणि हा फरक किल्लारीने शिकवलेला आहे.

दापोडे, मानकोली, वळ, गुंदवली या पट्ट्यात गेल्या दोन-तीन दशकांत भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. मुंबईकडे जाणारा माल इथे उतरतो, उंच रॅकवर चढतो, आणि त्या रॅकखाली दिवसरात्र माणसे काम करतात. हा भाग २००२ च्या नकाशात तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे कागदावर समजूत बदललेली आहे. पण बांधकामात ती किती उतरली, याचा पुरावा बाजूलाच मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडी शहरातली जिलानी इमारत आणि एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्यातली, खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत कोसळली. दोन्ही वेळा माणसे गेली, आणि दोन्ही वेळा जमीन हललेली नव्हती. स्वतःच्या भारानेच जी बांधकामे पडतात ती पाच-सहा रिश्टरच्या धक्क्यात काय करतील, यासाठी वेगळा सिद्धान्त नको. इथे संहिता आहे, विभाग ठरलेला आहे. प्रत्येक इमारतीची आणि शेडची त्या विभागानुसार तपासणी होणे, आणि तपासणीचा निकाल तिथे राहणाऱ्यांना व काम करणाऱ्यांना कळणे, एवढे बाकी आहे. पालघरच्या कंपांना अपवाद समजून बाजूला ठेवले, तर आपण कोयनेनंतर केले तेच पुन्हा करू.

पुढील प्रकरणांत पाण्याच्या दाबाचा सिद्धान्त आधार म्हणून वारंवार येईल. आज उपलब्ध असलेला पुरावा त्याच्या बाजूने आहे, म्हणून तो स्वीकारला आहे. कोयनेच्या परिसरात खोलवर बसवलेल्या उपकरणांनी जर पुढे असे दाखवले, की धक्क्यांपूर्वी खडकातल्या पाण्याचा दाब बदलतच नाही, किंवा जलाशय वर्षानुवर्षे रिता ठेवूनही धक्के त्याच संख्येने आणि त्याच ऋतूंत येत राहतात, तर कोयनेवरची प्रकरणे मुळापासून पुन्हा लिहावी लागतील. पालघरच्या बाबतीत पाऊस आणि भूजल यांचा हात आहे की केवळ खोलवरचा ताण मोकळा होतो आहे, यावर अजून मतभेद आहेत. तिथे मी एक बाजू अधिक संभाव्य मानली आहे, आणि ती कोणत्या नोंदींनी खोटी ठरेल हे त्या प्रकरणात सांगितले आहे. वाचकांपैकी जे डहाणू, तलासरी, शहापूर वा भिवंडीत राहतात त्यांनी जाणवलेल्या धक्क्यांची तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवली, तर त्या नोंदी या पुस्तकातल्या कोणत्याही मतापेक्षा जास्त दिवस उपयोगी पडतील.

दापोडे, ता. भिवंडी